वाट चालणे आणि वाट पाहणे

(मंडळाच्या दापोडी येथील वार्षिक संमेलनात झालेले व्याख्यान. छपाईसाठी किरकोळ फेरफार केले आहेत.)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आणि विषयही मंडळानेच नेमून दिला : ‘इंटरनेट आणि पायी वारी’. हा विषय पत्रिकेत वाचल्यावर आता मोबाईलच्या नावाने बोटे मोडली जाणार, असे तरुण मंडळींच्या मनात आले असेल. आणि आता यंत्राची आरती ओवाळली जाणार, असे वडीलधाऱ्यांस वाटले असेल. दोहोंची निराशा करावी लागणार, याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवतो. आम्हांस सांगावयाचे आहे ते थोडके आहे. वारीत दोन कामे असतात. एक वाट चालण्याचे आणि दुसरे वाट पाहण्याचे. पहिले काम वारकऱ्याचे. दुसरे त्याच्या घरच्यांचे आणि वाटेवरच्या गावांचे. पंढरीचा पांडुरंग विटेवर उभा राहून तेच दुसरे काम करतो, म्हणून ते हलके समजू नये. इंटरनेटने या दोन्ही कामांत हात घातला आहे. त्यामुळे हाती काय आले आणि हातचे काय जाऊ पाहत आहे, याचा हिशेब आपण दापोडीकरांनी मांडला पाहिजे. कारण त्या दुसऱ्या कामाचा मान आपल्या गावाकडे आहे.

दापोडीचे वारीतील स्थान आपणांस ठाऊकच आहे. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून पंढरीस नेण्याचा प्रघात पाडला. आजही देहूहून निघालेली पालखी पहिली मजल आकुर्डीस करते आणि दुसऱ्या दिवशी पिंपरी, कासारवाडी, फुगेवाडी, दापोडी असे करीत हॅरिस पुलावरून मुळा ओलांडून बोपोडी व खडकीमार्गे पुण्यात नाना पेठेत मुक्कामास जाते. म्हणजे रात्रीचा मुक्काम अलीकडे आकुर्डीचा, पलीकडे पुण्याचा. आपल्या वाट्यास पालखी थांबलीच तर विसाव्यापुरती. रात्रीचे कीर्तन येथे नाही, अंगतपंगत नाही. मग आपल्याजवळ काय आहे? आपल्याजवळ हा रस्ता आहे आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून पालखी येण्याची वाट पाहणे आहे. दापोडीची वारी ती एवढीच. पण ती आपल्या वाडवडिलांनी मनोभावे केली.

त्या वाट पाहण्याचे स्वरूप कसे होते, हे नव्या पिढीस थोडक्यात सांगितले पाहिजे. पालखी केव्हा येईल हे नक्की कोणास ठाऊक नसे. ‘पिंपरी सोडली’, ‘कासारवाडीस आहे’ अशा वार्ता सायकलवरून येणाऱ्या माणसाच्या तोंडून कळत, आणि त्यांतील निम्म्या खोट्या निघत. म्हणून माणसे सकाळपासूनच रस्त्यावर येत. एस.टी.च्या कार्यशाळेतील कामगार, रेल्वेच्या चाळीतील बायका, भाजीवाले, शाळेची मुले, सारी एका रांगेत उभी राहत. आपल्या समाजाची मंडळी रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधून तीनचार शिलाई यंत्रे मांडीत. वारकऱ्याची फाटलेली पडशी, उसवलेला सदरा, निघालेली गुंडी, पताकेची सुटलेली शिवण, जे येईल ते नीट करून द्यावयाचे आणि दाम घ्यावयाचा नाही, हा आपला नेम. नामदेवरायांचे नाव लावणाऱ्या समाजाने याहून दुसरी सेवा कोणती करावी? पडशीला दोन टाके घालण्यास फार तर दहा मिनिटे लागतात. पण त्या दहा मिनिटांत वारकरी पाटावर टेकतो, पाणी पितो, गाव सांगतो, यंदाच्या पावसाचे सांगतो. एवढ्या ओळखीवर पुढल्या वर्षी ‘ते परभणीकडचे आजोबा आले नाहीत’ अशी चौकशी होत असे. ही ओळख वाट पाहण्याच्या पोटी जन्मास येत होती, हे ध्यानात ठेवावे.

आता कोणी म्हणेल की, वारीवर यंत्रांची सावली पडण्याची ही काय पहिली वेळ आहे? नाही, आणि म्हणूनच मागील अनुभव पाहिला पाहिजे. बार्शी लाइट रेल्वेची लहान गाडी १९०६ मध्ये पंढरपुरास पोहोचली. ज्याला चालवत नव्हते त्याची सोय झाली, आषाढी-कार्तिकीस गाड्या भरून जाऊ लागल्या. तरी पायी वारी मोडली नाही. १९४८ मध्ये पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एस.टी. सुरू झाली आणि पुढे ती खेडोपाडी गेली. तिची मध्यवर्ती कार्यशाळा आपल्या दापोडीतच आहे. पंढरीस यात्रेकरूंना नेणाऱ्या गाड्यांचे काम आपल्या गावच्या हातांनी केले, आणि तेच हात पालखीच्या दिवशी रस्त्यावर जोडले गेले. त्यात कोणास विसंगती वाटली नाही. कारण आगगाडी आणि मोटार या वारीच्या बाहेरून गेल्या. ज्याला गाडीने जावयाचे तो गाडीने गेला. ज्याला चालावयाचे तो चालत राहिला, आणि त्याचे चालणे पूर्वी होते तसेच राहिले.

इंटरनेटची गोष्ट निराळी आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी ते आपल्या देशात सर्वसामान्यांस खुले झाले, तेव्हा ते टेबलावरच्या संगणकात होते. २०१६ नंतर ते स्वस्त झाले आणि मोबाईलबरोबर खिशात येऊन बसले. तेव्हापासून ते चालणाऱ्याच्या बरोबरीने चालू लागले. आगगाडीने वारकऱ्याचे पाय सोडविण्याची सोय केली होती. इंटरनेटने त्याच्या पायांस हात लावला नाही, त्याने त्याच्या चित्ताशी व्यवहार सुरू केला. म्हणून पूर्वीच्या यंत्रांचे उदाहरण देऊन ‘यानेही काही बिघडणार नाही’ असे म्हणता येत नाही, आणि ‘यानेच सारे बिघडले’ असेही म्हणता येत नाही. प्रत्यक्ष काय घडते ते पाहावे लागते.

प्रथम जमेची बाजू पाहू, आणि ती मोकळ्या मनाने पाहू. १९६१ सालचे उदाहरण घ्या. त्या वर्षी १२ जुलै रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या वेळी दोन्ही पालख्या पंढरीच्या वाटेवर होत्या. वाटेवरच्या पुणेकर वारकऱ्यास आपले घर उभे आहे की वाहून गेले, मुलेबाळे कोठे आहेत, हे कळण्यास तार, वृत्तपत्र किंवा मागाहून येणारा माणूस यांखेरीज मार्ग नव्हता. अशा अज्ञानास कोणी वैराग्य म्हणू नये. ज्याच्यावर ते दिवस आले त्याने एका फोनसाठी काय दिले नसते? ‘जुन्या काळी घरचा विसर पडत असे’ असे आपण कौतुकाने म्हणतो. त्या विसरात कित्येकदा केवळ निरुपाय होता, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी जमेची गोष्ट चुकामुकीची. लाखोंच्या समुदायात म्हातारी माणसे दिंडीपासून सुटतात. पूर्वी त्यांस पुढल्या मुक्कामापर्यंत कोणाच्या तरी आधाराने चालावे लागे आणि दिंडीतील माणसे रात्रभर तंबू पालथे घालीत. आज एका फोनवर काम होते; पालखी कोठवर आली हे नकाशावर पाहता येते; छातीत कळ आली तर वैद्यकीय मदत बोलावता येते. तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत मोठी आहे. आपल्या समाजातील कित्येक भगिनी आज पंधराअठरा दिवस घर सोडून पंढरीस चालत जातात. त्यांच्या सासवांस हे साधले नव्हते. भक्ती कमी होती म्हणून नव्हे. ‘मागे काही झाले तर कळणार कसे’ या एका प्रश्नापाशी त्यांची वारी उंबऱ्यातच थांबत होती. तो प्रश्न मोबाईलने सोडविला. ज्या यंत्रामुळे घरातील स्त्रीला वारी घडली, त्यास सरसकट वाईट म्हणण्याचे पाप आमच्या हातून होणार नाही.

आता खर्चाची बाजू. ज्या सोयीने त्या माउलीस वाटेवर आणले तीच सोय तिला वाटेवरून मागे ओढते, हे आम्ही आपल्या मांडवात पाहिले आहे. एक भगिनी पडशी शिवून घेण्यास बसल्या होत्या. तेवढ्या वेळात त्यांना घरून तीन फोन आले. गॅसची टाकी कोठून मागवायची, मुलाच्या शाळेचा अर्ज कोणत्या खणात आहे, आणि आमटीत गूळ आधी घालायचा की मागाहून. तिसरा फोन ठेवून त्या हसून म्हणाल्या, ‘पाय तेवढे वारीला निघालेत बघा, बाकी सगळी मी घरीच आहे.’ आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत, पण या विषयावर याहून नेमके बोलणे ऐकले नाही. त्यात त्या भगिनीचा दोष नव्हता. दोष घरच्यांचा होता, आणि असे घर आपल्यातही असू शकेल. वारीस गेलेले माणूस घरापासून दूर गेले आहे, हे मान्य करण्याचे काम मागे राहिलेल्यांचे असते. वाट पाहावयाची म्हणजे प्रथम त्या माणसाला जाऊ द्यावयाचे. ज्याला आपण जाऊच दिले नाही त्याची वाट ती काय पाहणार?

चालणाऱ्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट घडते. दिंडीतील माणूस पूर्वी शेजारी चालणाऱ्याच्या हवाली असे. पाणी कोठे मिळेल, चढ किती आहे, आज मुक्काम कोठे, हे तो शेजाऱ्यास विचारी. त्या विचारण्यातून नाते जडे. माउलींच्या पालखीत संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर समाज आरती होते. त्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि एवढा मोठा समुदाय क्षणात शांत होतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची घोषणा होते, दुसऱ्या दिवशीच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवीत राहते आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. बातमी पोहोचविण्याची अशी व्यवस्था जगात अन्यत्र क्वचितच असेल. तिच्यात आणि मोबाईलवरच्या निरोपात फरक हा की, चोपदाराचे बोलणे ऐकण्यासाठी सर्वांस एकाच वेळी गप्प बसावे लागते. एकाची हरवलेली थैली ही क्षणभर सर्वांची काळजी होते. मोबाईलवर निरोप अधिक लवकर पोहोचतो यात शंका नाही. परंतु तो एकेकट्यास पोहोचतो. सर्वांनी मिळून ऐकणे त्यात नाही.

छायाचित्रांविषयीही बोलले पाहिजे. रिंगणाचे, पताकांचे, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या माउलींचे चित्र घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. काटेवाडीस परीट समाजाची मंडळी पालखीपुढे धोतराच्या पायघड्या घालतात आणि मेंढ्यांचे रिंगण होते. तो सोहळा दूरदेशीच्या मराठी कुटुंबास घरबसल्या पाहता येतो तो याच चित्रांमुळे. पण वाटेवर उघड्यावर अंघोळ करणाऱ्या, दमून आडव्या झालेल्या, चिखलात घसरलेल्या बायामाणसांचीही चित्रे काढली जातात आणि क्षणात हजारोंपुढे मांडली जातात. आपल्या आईचे असे चित्र कोणी मांडले तर आपणांस चालेल काय? वारकरी रस्त्यावर असतो, म्हणून त्याची लाजही रस्त्यावर पडली असे होत नाही.

आता आपल्या कामाकडे, म्हणजे वाट पाहण्याकडे येऊ. सांप्रत दापोडीत काय होते? पालखी कोठवर आली हे घरात बसून कळते. म्हणून माणसे पाच मिनिटे आधी रस्त्यावर येतात, पालखीच्या दिशेने मोबाईल उंचावतात आणि पादुका पुढे गेल्या की परत फिरतात. १ ऑगस्ट २०२३ पासून दापोडीचे मेट्रो स्थानक सुरू झाले आहे. डोक्यावरून गाडी जाते, खालून दिंडी जाते, आणि मध्ये कडेला उभा असलेला माणूस दोहोंपेक्षा अधिक घाईत असतो! पालखी आहे, माणसेही आहेत. मधले तीन तास मात्र नाहीसे झाले आहेत. त्या तीन तासांत काही घडत नव्हते असे नकाशा म्हणेल. आम्ही म्हणतो, जे घडावयाचे ते त्याच तीन तासांत घडत होते. पालखीच्या मागेपुढे चालणाऱ्या, मैलमैल लांबलेल्या दिंड्यांतील माणूस आपणांस भेटत होता तो त्याच वेळेत. पादुकांचे दर्शन क्षणाचे. माणसांची भेट तासांची. नकाशाने क्षण तेवढा नेमका गाठून दिला आणि तास वाचवून दिले. वाचलेल्या तासांचे आपण काय केले, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

आपल्या सेवेच्या मांडवावर याचा परिणाम दिसू लागला आहे. वर्गणी आता मोबाईलवरून येते. पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडावे लागत नाही. बाहेरगावी व परदेशी असलेले सभासदही रक्कम पाठवितात. त्यांचे आम्ही आभार मानतो. पण वर्गणी वाढली आणि हात घटले. यंत्रांवर बसणारी मंडळी साठीच्या पुढची आहेत; त्यांच्या मागे बसणारे कोण, याचे उत्तर मिळत नाही. आणखी एक पाहण्यासारखे आहे. मांडवात शिलाई यंत्रांसाठी विजेची सोय केली, तेव्हा तिला जोडून मोबाईल चार्ज करण्याचीही व्यवस्था ठेवली. आज पडशी घेऊन येणाऱ्यांपेक्षा मोबाईल घेऊन येणाऱ्यांची रांग लांब असते. याचे आम्हांस वाईट वाटत नाही. वारकऱ्यास ज्याची गरज ते द्यावे, हाच सेवेचा अर्थ. फरक इतकाच की, पडशी शिवली जात असता धनी जवळ बसतो; मोबाईल लावून ठेवला की धनी निघून जातो आणि आपल्याजवळ त्याचे यंत्र तेवढे राहते.

या साऱ्या वादात न्यायनिवाडा करणारी एक घटना आपल्या डोळ्यांदेखत घडून गेली आहे. २०२० साली करोनाच्या साथीमुळे पायी वारी होऊ शकली नाही. आषाढी एकादशी १ जुलैस होती. तिच्या आदल्या दिवशी, ३० जून रोजी पादुका एस.टी.च्या बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. २०२१ मध्येही पादुका बसनेच गेल्या. त्या दोन वर्षांत जे पाहता येण्यासारखे होते ते सारे आपण घरबसल्या पडद्यावर पाहिले : पूजा, आरती, बसला घातलेल्या माळा. त्या संकटात इंटरनेटने आपल्या वडीलधाऱ्यांस मोठा दिलासा दिला, हे विसरून चालणार नाही. परंतु पाहणे म्हणजेच वारी असती, तर २०२२ च्या जूनमध्ये देहू-आळंदीहून पालख्या पुन्हा पायी निघाल्या तेव्हा एवढा समुदाय लोटण्याचे कारण नव्हते. दोन वर्षे लोकांनी सर्व काही पाहिले होते आणि तरी त्यांची भूक भागली नव्हती. पायाला मातीच हवी होती, आणि खांद्याला शेजाऱ्याचा खांदा.

शेजाऱ्याचा खांदा म्हणताना एक नाजूक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. ही ज्ञातिसंस्था आहे. आपल्या मंडळाचा व्हॉट्सॲप गट आहे. त्यावर लग्नकार्ये, दुखवटे, परीक्षांचे निकाल कळतात आणि विखुरलेली कुटुंबे जोडलेली राहतात. त्याबद्दल आम्हांस अभिमान आहे. पण त्या गटात आपण कोणाबरोबर असतो? आपल्याच माणसांबरोबर. पालखीच्या दिवशी रस्त्यावर आपल्या शेजारी कोण उभे राहील हे मात्र आपल्या हाती नव्हते, आणि ती त्या रस्त्याची मोठी देणगी होती. इरावतीबाई कर्वे यांनी वारीवर लिहिलेला लेख १९६२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. एका दिंडीत चालूनही ब्राह्मण व मराठा मंडळींच्या पंगती निराळ्या राहिल्या, याची खंत त्यांनी त्यात नोंदविली आहे. पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या बांधवांस उघडावे म्हणून सानेगुरुजींस १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. म्हणजे चालण्याच्या वाटेनेही ही भिंत सहजासहजी पडली नाही. मग ज्या वाटेवर परका माणूस भेटतच नाही, त्या मोबाईलच्या वाटेवर ती कशी पडावी?

आपल्या नामदेवरायांची परंपरा याबाबत स्पष्ट आहे. मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा तिच्याखाली गाडले गेले, तेव्हा नामदेवराय तेथे गेले, ढिगाऱ्यातील अस्थी त्यांनी निवडल्या आणि पंढरीस आणून महाद्वारासमोर चोखोबांची समाधी बांधली, असे परंपरा सांगते. त्यांनी निरोप धाडला नाही. ते स्वतः गेले. स्वतःसाठी मागितली ती महाद्वाराची पायरी, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचे पाय लागावेत म्हणून. ज्यांचे आपण नाव लावतो त्यांनी उंच आसन मागितले नाही, रहदारीची जागा मागितली, हे आपण विसरू नये.

केवळ बोलून थांबणे बरे नव्हे. म्हणून कार्यकारी मंडळापुढे आणि आपणा सर्वांपुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली सूचना सुईदोऱ्याची आहे. चुकलेल्या माणसास शोधण्याचे सामर्थ्य मोबाईलमध्ये आहे खरे. पण चुकणारी माणसे बहुधा अशी असतात की, त्यांच्याजवळ मोबाईल नसतो आणि घरचा क्रमांक त्यांस पाठ नसतो. यंदापासून आपल्या मांडवात जी पडशी दुरुस्तीस येईल, तिच्या आतल्या बाजूस, धन्याच्या संमतीने, कापडाची एक पट्टी शिवून द्यावी. तीवर न पुसणाऱ्या शाईने नाव, गाव, दिंडीचा क्रमांक आणि घरचा फोन लिहावा. पट्टी आतून शिवावी, म्हणजे ती चारचौघांस दिसणार नाही आणि गरजेच्या वेळी सापडेल. दोन बोटे कापड आणि चार टाके एवढाच खर्च आहे. नवे तंत्र आणि आपला जुना धंदा यांची गाठ अशी बांधता येते. फोन शोधून देईल, पण फोनपर्यंत पोहोचविण्याचे काम आपली पट्टी करील.

दुसरी सूचना वारीस माणूस पाठविणाऱ्या घरांसाठी. दिवसातून एकच फोन ठरवावा. रात्री, मुक्कामास पोहोचल्यावर, वारकऱ्याने करावयाचा. दिवसा घरून फोन जावा तो दुखण्याखुपण्याच्या किंवा तशाच प्रसंगाच्या वेळी. आमटीतील गुळाचा निर्णय घरच्यांनी आपल्या जबाबदारीवर घ्यावा. थोडी बिघडली तर पांडुरंग रागावणार नाही. ज्या घरातून स्त्री वारीस गेली आहे त्या घराने तर हा नेम कसोशीने पाळावा. तिला वर्षातून पंधराअठरा दिवस मिळाले आहेत. ते पुरते तिचे होऊ द्यावेत.

तिसरी सूचना दापोडीतील सभासदांसाठी. नकाशा जरूर पाहावा, पण त्याने सांगितलेल्या वेळेच्या दोन तास आधी रस्त्यावर यावे. प्रत्येक घरातून दोन माणसे यावीत, त्यांतील एक पंचविशीच्या आतले असावे. मोबाईलवर वर्गणी पाठविणाऱ्याने तिच्याबरोबर एक तास हातांचा द्यावा. ज्यास शिवता येत नाही त्याने पाणी द्यावे, पट्टीवर नाव लिहावे, नुसते शेजारी बसून विचारपूस करावी. बोटांत कला नसली तरी तोंडात गोडवा असतो.

चौथी सूचना छायाचित्रांची. आधी हात जोडावेत, मग मोबाईल उचलावा. आणि कोणाही वारकऱ्याचे जवळून चित्र घ्यावयाचे तर त्यास विचारून घ्यावे. तो ‘घ्या की माउली’ असेच म्हणेल. पण विचारल्याने आपण त्याच्याशी एक शब्द तरी बोललेले असू.

बंधूभगिनींनो, आपल्या भाषेत ‘वाट’ हा शब्द मोठा उदार आहे. चालणाराही वाटच चालतो आणि थांबलेलाही वाटच पाहतो. एकाने पायांनी आणि दुसऱ्याने डोळ्यांनी एकच रस्ता धरलेला असतो. दोघे जेथे भेटतात तेथे गाव होते. यंत्रे येतील, आणखी नवी येतील. उद्या यापेक्षा सूक्ष्म असे काही निघेल आणि पालखी घरात आल्याचा भास करून देईल. त्या प्रत्येक वेळी आपण एकच कसोटी लावावी : या सोयीने माणूस माणसाजवळ आला की माणसाशिवाय भागू लागले? पहिले असेल तर तिचे स्वागत करावे. दुसरे असेल तर तिला तिच्या जागी ठेवून आपण रस्त्यावर जाऊन उभे राहावे.

येत्या आषाढवारीत पालखी दापोडीस येईल तेव्हा आपल्या मांडवातील यंत्रे रिकामी राहू नयेत आणि त्यांच्यामागची पाटेही रिकामी राहू नयेत, एवढे मागणे आपणांपाशी मागतो.